पक्षी दिसला म्हणजे डेरोमच का भाऊ?

नागपूरच्या उन्हाळ्यात दुपारी घराबाहेर पडायची सोय नाही, मग मी कूलरसमोर बसून अठराव्या शतकातल्या फ्रेंच पुस्तकांच्या बाइंडिंगचे स्कॅन बघत बसतो आणि एका गोष्टीनं डोकं फिरतं. लाल मोरोक्को चामडं, कडेनं सोनेरी लेससारखी नक्षी, त्यात पंख पसरलेला छोटासा पक्षी, की विकणारा लिहून मोकळा, डेरोम! आता निकोला-दनी डेरोमनं (पॅरिसचा बाइंडर, जन्म १७३१) तो पक्षी वापरला हे खरं, पण तो हिट झाल्यावर बाकीचे काय हातावर हात धरून बसणार होते? लेसची नक्षी तर १७३३ मध्ये राजाचा बाइंडर झालेल्या पादलूपच्या नावावरही सांगतात. डिझाइन कोणीही उचलतो हो.

बघायचा तो ठसा. अंड्याच्या पांढऱ्याचा लेप, वर सोन्याचा वर्ख आणि त्यावर तापवलेला पितळी ठसा दाबायचा, आणि ठसा हातानं कोरलेला म्हणजे दुसरा हुबेहूब तसाच निघणं कठीण. समजा पक्ष्याच्या डाव्या पंखात एक रेघ तुटलीय, तर त्याच कव्हरवर तो पक्षी जिथे जिथे आहे तिथे ती तुटलेलीच दिसायला पाहिजे, एकदाच दिसली तर वर्ख नीट बसला नाही एवढंच. दोन पुस्तकांतले पक्षी एकाच ठशाचे का हे मोजताना रेघेची जाडी धरू नका, सीताबर्डीत थीसिसवर सोनेरी अक्षरं मारणाऱ्यालाही विचारा, ठसा जास्त तापला किंवा जोरात दाबला की अक्षर जाड येतं. चोचीपासून शेपटीच्या टोकापर्यंत किती मिलिमीटर ते मोजा, आणि स्कॅनमध्ये पट्टी नसेल तर सोडून द्या, उगाच अंदाज नको.

चाकाच्या ठशाची, म्हणजे कडेवर नक्षी कोरलेलं चाक चामड्यावर फिरवतात त्याची, तर मजाच आहे, एक ओरखडा दिसला की पुढे तोच परत कुठे येतो ते मोजायचं, तेवढा त्या चाकाचा घेर, दोन पुस्तकांत घेर आणि ओरखडा दोन्ही जुळले की मग बोलायचं.

पॅरिसचाच दुसरा बाइंडर द्युबिसों, त्यानं बांधलेली पंचांगं (तिकडची दरवर्षीची छापील अल्मनॅक) वेगळी, तिथे मोठी प्लेट प्रेसखाली एकदम दाबलेली, म्हणून हातकामातला थोडासा वाकडेपणा शोधूनही सापडत नाही.

आणि एवढं सगळं जुळलं तरी ठसे वारशात जायचे, विकलेही जायचे, तेव्हा फार तर दुकान कळेल, माणूस नाही. पादलूपचं नावाचं छोटं लेबल पुस्तकात आत चिकटवलेलं असलं तर बरंच, पण लेबल काय, एका पुस्तकातून काढून दुसऱ्यात डकवायला कितीसा वेळ लागतो?