आठ की तीन

11 ऑगस्ट, सोमवार

लायसन 9 सप्टेंबरला संपतंय, म्हणून वेळेत मेडिकल करून घ्यायला गेलो होतो. 2014 ला पहिलं ट्रान्सपोर्ट लायसन काढलं, तेव्हा ते तीन वर्षांचं मिळायचं. 2017 ला एकदा वाढवलं, 2020 ला पुन्हा, आणि त्या वेळी पाच वर्षांचं मिळालं. तिन्ही वेळा मेडिकल म्हणजे छातीला नळी, एक सही आणि शिक्का. आज डॉक्टर नवीन होते. त्यांनी कपाटातून एक पुस्तक काढून समोर धरलं.

पानावर मोठा गोल, आत लहानमोठे रंगीत ठिपके. आकडा सांगा म्हणाले. पहिल्या पानावर बारा दिसला, सांगितला. दुसऱ्यावर तीन. तिसऱ्यावर पाच. चौथ्यावर सत्तर. डॉक्टर काही बोलले नाहीत, पुन्हा पहिल्या पानापासून सुरू केलं. मी तेच सांगितलं. मग शांतपणे म्हणाले, "हा आठ आहे. हा सहा. आणि हा एकोणतीस."

पुस्तक घेऊन मी खिडकीपाशी उजेडात गेलो. तीनच होता. औषधांचा खोका घेऊन आलेला पोरगा दारातूनच "आठ" म्हणाला आणि आत निघून गेला. त्याला काही माहीत नव्हतं, सहज म्हणाला. पण माझ्या पायातलं बळ गेलं.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. इशिहारा नावाच्या जपानी डॉक्टरांनी 1917 मध्ये ही पानं तयार केली. बाराचं पान सगळ्यांना वाचता येतं. ज्यांना लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही त्यांना आठच्या जागी तीन दिसतो, एकोणतीसच्या जागी सत्तर. म्हणजे मी चुकीचं वाचत नव्हतो. माझ्या डोळ्यांना तोच आकडा दिसतो.

मेडिकलच्या फॉर्म 1-ए वर ते सही करणार नाहीत. पण दार बंद झालेलं नाही, हेही त्यांनीच सांगितलं. जून 2020 मध्ये नियम बदलला. सौम्य किंवा मध्यम रंगदोष असेल तर लायसन मिळतं, तीव्र असेल तर नाही. माझा किती आहे ते या पुस्तकावरून ठरत नाही, त्याला वेगळी तपासणी लागते आणि ती मोठ्या रुग्णालयात होते. चिठ्ठी लिहून दिली.

घरी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

9 सप्टेंबर, मंगळवार

आज लायसन संपलं. कार्डावर दोन तारखा असतात, एक साध्या गाडीची, एक ट्रान्सपोर्टची. साध्या गाडीची अजून लांब आहे. ट्रान्सपोर्टची आजची.

तपासणीची तारीख 16 ऑक्टोबरची मिळाली आहे. त्याआधी नाही, कारण ही तपासणी फक्त गुरुवारी होते आणि गुरुवारचे नंबर भरलेत. आधी एका सरकारी दवाखान्यात गेलो, तिथे डोळ्यांचे डॉक्टर आठवड्यातून एकदा येतात. दोन आठवडे घातले, मग कळलं की तिथे तपासणीचा संचच नाही. तिथून चिठ्ठीवर चिठ्ठी घेऊन शहरात.

सतरा फुटी आयशर अंगणात उभी आहे. हप्ता 28,400. संध्याकाळी पाच-सहाच्या दरम्यान नारायणगावच्या बाजारात कॅरेट भरायची, माळशेज उतरून कल्याणमार्गे पहाटे वाशीला लावायची, हे अकरा वर्षं केलंय. पाच वाजले की आजही हात किल्लीकडे जातो.

गावातल्या एजंटने निरोप धाडला. दुसरे डॉक्टर आहेत, पुस्तक वगैरे काही काढत नाहीत, अडीच हजारात काम होईल. बायको म्हणाली, "बघा, तुमच्या मनाला काय वाटतं ते." तिला वाटत होतं मी हो म्हणावं. हप्त्याचं वेळापत्रक कपाटाच्या दाराला आतून चिकटवलंय, ते तीही रोज बघते.

नाही सांगितलं. का, ते इथे लिहून ठेवतो, कारण तिला अजून नीट सांगता आलेलं नाही.

2018 च्या पावसाळ्यानंतर घाटात रस्त्याचं काम चालू होतं. एकेरी वाहतूक, दोन्ही टोकांना झेंडीवाले. दिवस मावळत होता. पोरगं झेंडी हलवत उभं होतं, मी ती हिरवी समजून गाडी घातली. वळणावर समोरून एसटी आली. दोघांनीही ब्रेक दाबले. मध्ये एक माणूस आडवा झोपेल एवढीच जागा उरली होती. एसटीच्या पुढच्या सीटवर एक म्हातारी होती, पदर तोंडाशी धरलेला, तो चेहरा मला आजही जसाच्या तसा आठवतो. एसटीचा ड्रायव्हर खाली उतरून माझ्यावर ओरडला आणि मी त्या झेंडीवाल्या पोरावर. "लाल दाखवायची ना रे!" तो म्हणत राहिला, "लालच दाखवली दादा, लालच."

सात वर्षं मी धरून चाललो होतो की त्याने चूक केली.

सिग्नलला लाल वर असतो, हिरवा खाली. मी कायम जागा बघत आलो, रंग बघतो असं नुसतं वाटायचं. झेंडीला वर-खाली नसतं. आता विकत सही आणून मी त्या घाटात परत कसा जाऊ? माझे डोळे किती कामाचे आहेत ते मला खरंखुरं कळायला हवंय. उशीर लागू दे, पण कळू दे.

21 सप्टेंबर, रविवार

पोळा. आईला आज सांगितलं. ती बैलांसाठी पुरणाचा निवद काढत होती. हात थांबवून म्हणाली, "तुझ्या मामासारखं."

मामाने एका पोळ्याला एकच बैलजोडी रंगवली होती, एका बैलाची शिंगं लाल आणि दुसऱ्याची हिरवी. मिरवणुकीत लोक हसले. आजोबांनी चारचौघांत त्याला बोल लावला, लक्ष कुठे असतं तुझं म्हणून. त्यानंतर मामाने शिंगांना कधी हात लावला नाही. ब्रश नेहमी मामीच्या हातात.

हे आईकडून येतं, असं डॉक्टर म्हणाले होते. आईला स्वतःला त्रास नसतो, तिच्याकडून मुलाला येतं. माझ्याकडून मुलाला जाणार नाही. मुलीकडे जाईल, पण तिच्यात दिसण्याची शक्यता फार कमी. पुढे तिला मुलगा झाला तर त्याला असू शकेल. आई ऐकून बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मी दिलं का रे तुला हे?" काय उत्तर द्यायचं अशा प्रश्नाला. मी तिच्याजवळ बसलो आणि पुरण वाटू लागलो.

मामा जाऊन नऊ वर्षं झाली. त्याला कुणी ते पुस्तक कधी दाखवलंच नाही.

16 ऑक्टोबर, गुरुवार

सकाळी साडेसहाची एसटी धरली. नंबर 41. अडीच वाजता आत गेलो तर संच दुसऱ्या विभागात नेलेला, आणि ज्या डॉक्टर ही तपासणी घेतात त्या मोतीबिंदूच्या शिबिरावर. पुढची तारीख 27 नोव्हेंबर.

खिडकीवरच्या बाई वाईट नव्हत्या. मी म्हणालो, मॅडम, गाडी उभी आहे. त्यांनी वही माझ्याकडे फिरवून दाखवली. एकेका गुरुवारी नावांवर नावं. माझ्यासारखे तिघे ड्रायव्हर त्यात होते, एक रिक्षावाले, दोघे कंपनीच्या बसवर. बाहेर आम्ही चौघांनी चहा घेतला. रिक्षावाले काका सहा महिने फिरत होते. त्यांनी एक कामाची गोष्ट सांगितली: लायसन संपल्यापासून वर्षाच्या आत अर्ज केला तर ते वाढवून मिळतं, वर्ष उलटलं तर पुन्हा गाडी चालवून परीक्षा द्यावी लागते. "म्हणून चिठ्ठ्या, पावत्या, तारखांचे कागद, सगळं जपून ठेव." त्यांच्या पिशवीत प्लास्टिकची फाईल होती, कागद तारखेप्रमाणे लावलेले. येताना स्टँडवर तशीच फाईल घेतली.

25 ऑक्टोबर, शनिवार

भाच्याने फोनवर वाचून दाखवलं. सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांनी 6 नोव्हेंबर 2024 ला निकाल दिलाय की साध्या हलक्या गाडीचं लायसन असेल तर 7,500 किलोपर्यंतची मालगाडी चालवता येते, वेगळं ट्रान्सपोर्ट लागत नाही. माझी आयशर त्यात बसत नाही. पिकअप बसते.

कायद्याने चालतं म्हणून लगेच बसलो नाही. पहिल्या डॉक्टरांना विचारून आलो. ते म्हणाले, दिवसा, ओळखीच्या रस्त्याला हरकत नाही, रात्री नको. शेजारच्यांची पिकअप घेतली आहे. वस्तीवरून बाजार, बाजारातून वस्ती. दिवसाला सातआठशे सुटतात. त्यात हप्ता भागत नाही, पण दूध-किराणा निघतो. आणि दुपारी चार वाजता हातांना काहीतरी काम असतं, हे मला पैशापेक्षा जास्त लागत होतं. मधले दीड महिने मी घरात ज्या आवाजात बोलत होतो, तो पोरीने ओळखून टाळायला सुरुवात केली होती.

2 नोव्हेंबर, रविवार

आयशरला ड्रायव्हर ठेवला आहे. चांगला मुलगा, सावकाश चालवतो. काल रात्री मी त्याच्याबरोबर वाशीला गेलो, किन्नरच्या, म्हणजे क्लीनरच्या सीटवर. अकरा वर्षांत पहिल्यांदा डावीकडून घाट बघितला. तिकडून दरी फार जवळ असते. इतकी वर्षं माझा किन्नर इथे बसून झोपत कसा होता, कळत नाही.

ड्रायव्हरला सगळं सांगितलं होतं. वाटेत जो दिवा दिसेल त्याचा रंग मी आधी सांगायचा, मग त्याने, असं ठरवलं. पुढच्या ट्रकचे मागचे दिवे: बरोबर. पेट्रोल पंपाची पाटी: बरोबर. मुरबाडच्या पुढे लांबवर एकच दिवा लुकलुकत होता. मी हिरवा म्हणालो. तो म्हणाला, "पिवळा आहे दादा." मग बराच वेळ दोघेही काही बोललो नाही. टोकावडे गेल्यापासून मी वहीत खुणा करत होतो: एकतीस बरोबर, चार चूक. चारही चुका लांबच्या, एकट्या दिव्यांच्या.

ही वही डॉक्टरांना दाखवायची.

27 नोव्हेंबर, गुरुवार

तारीख पुढे गेली. 18 डिसेंबर. कारण लिहीत बसत नाही, पाठकोरा कागद फाईलमध्ये लावला.

रात्री बायको दुसऱ्या दिवशीच्या बाजारासाठी टोमॅटो निवडत होती. लाल एका कॅरेटमध्ये, कच्चे दुसऱ्यात. वडील होते तेव्हा ते मला निवडायला बसवायचे नाहीत, कॅरेट उचलायला लावायचे. मला वाटायचं, माझ्या अंगात ताकद जास्त म्हणून. आज तिच्याजवळ बसलो आणि बोटांनी दाबून निवडायला लागलो. पिकलेला मऊ लागतो, देठाजवळ किंचित दबतो. तिने माझं कॅरेट तपासलं. दोनच कच्चे निघाले. तेव्हा मी तिला घाटातली ती झेंडी सांगितली, सगळी, म्हातारीच्या चेहऱ्यासकट. तिने हातातला टोमॅटो खाली ठेवला. "मग त्या एजंटला नाही म्हणालात ते बरंच केलंत," एवढंच बोलली.

18 डिसेंबर, गुरुवार

झाली तपासणी.

लाकडी लांबट डबी. त्यात सोळा गोल टोप्या, बाटलीच्या झाकणाएवढ्या. निळी एका टोकाला पक्की बसवलेली, बाकीच्या पंधरा टेबलावर विखुरलेल्या. शेवटच्या टोपीच्या रंगाला सगळ्यात जवळची पुढे ठेवायची, मग तिच्या जवळची, असं करत शेवटपर्यंत. टेबलावर खास पांढऱ्या उजेडाचा दिवा. एवढीच तपासणी. चार महिने जिच्यासाठी फिरलो ती तीन मिनिटांत संपली.

पहिल्या पाचसहा सहज लागल्या. मग तीन टोप्या अशा उरल्या की तिन्ही मला मातकट, एकाच रंगाच्या. मी त्या उचलून पुन्हा ठेवल्या, पुन्हा उचलल्या. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "घाई नाही, दादा." हे वाक्य मला या चार महिन्यांत कुणी म्हटलं नव्हतं. डोळ्यांत पाणी आलं, आणि मला भीती वाटली की त्या पाण्याने रंग बदलतील.

मॅडमनी डबी झाकून उलटी केली. प्रत्येक टोपीच्या बुडाला आकडा असतो. तो क्रम त्यांनी कागदावरच्या गोलात रेषेरेषेने जोडला. रेष कडेकडेने गोल गेली तर ठीक, आडवी गोल कापून पलीकडे गेली तर चूक. माझी रेष एकदा आडवी गेली. एकदाच. जास्त वेळा गेली असती तर वेगळं झालं असतं, त्या म्हणाल्या. त्यांनी लिहिलं, सौम्य ते मध्यम. लाल रंग मला अंधुक दिसत नाही, हेही वेगळं तपासून सांगितलं. काहींना लाल दिवाच मंद दिसतो, त्यांचं अवघड असतं.

वही दाखवली. त्यांनी चारही चुका वाचल्या आणि म्हणाल्या, लांबचा एकटा दिवा दिसला की रंग ठरवायच्या आधी वेग कमी करायचा. झेंडीवाला दिसला की गाडी थांबवून काच खाली करायची आणि तोंडाने विचारायचं. हे मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून घेतलं.

कागदावर विभागप्रमुखांची सही बाकी आहे. ते सोमवारी येतील. सही झाली की तो कागद घेऊन पुन्हा पहिल्या डॉक्टरांकडे, मग फॉर्म, मग अर्ज. रिक्षावाले काका बाहेर भेटले, त्यांचा नंबर माझ्यानंतर होता. माझा कागद त्यांनी दोनदा वाचला आणि स्वतःची फाईल छातीशी धरून आत गेले. त्यांचं काय झालं ते कळेपर्यंत मी थांबलो. त्यांना पुन्हा बोलावलंय, सोमवारीच.

सोमवारी दोघे एकाच गाडीने जाऊ असं ठरलंय. ते मंचरला चढतील. बायकोला दोन माणसांचा डबा करायला सांगितलाय.