आमची वाटचाल : हिशेब होईपर्यंत गाडी हलणार नाही

इंग्लंडमधल्या लँकेशरमध्ये, लेलँड गावाच्या जवळच आमचं वर्कशॉप आहे. जुने ब्रिटिश ट्रक आम्ही उघडतो आणि पुन्हा उभे करतो. लेलँड, एईसी, फोडेन, ईआरएफ, ॲटकिन्सन, क्वचित बेडफर्ड. कार घेत नाही. ट्रॅक्टरवाल्यांना हात जोडतो, तरी त्यातला एखादा परत येतोच. गावाकडचे लोक विचारतात, धंदा कसा उभा केलास? त्यांना काहीतरी गुपित ऐकायचं असतं. गुपित नाही. भागीदार देवमाणूस मिळाला, आणि एक बुडवं गिऱ्हाईक मिळूनही आम्ही बुडालो नाही.

मी कोल्हापूरचा. हात बसला तो उद्यमनगरात, टर्नर-फिटर म्हणून. वडील कॉमेटवर ड्रायव्हर. अशोक लेलँडच्या कॉमेटमध्ये गूळ भरून ते घाट उतरायचे, आणि गाडी घरासमोर उभी असली की टॅपेटचा आवाज ऐकून आम्ही पोरं सांगायचो आज बाबांचा मूड कसा असणार. बायको डॉक्टर. तिला प्रेस्टनला नोकरी लागली, मागोमाग मी आलो. वडिलांच्या गाडीचं माहेर, लेलँड, तिथून हाकेच्या अंतरावर. मला कामाला ठेवणारं मात्र कुणी नव्हतं. 'तुमच्याकडचं सर्टिफिकेट काय?' म्हणून विचारायचे. सर्टिफिकेट हातात होतं, कागदावर नव्हतं.

माझे भागीदार, मिस्त्री, भेटले ते लेलँडमधल्या किंग स्ट्रीटवरच्या व्यावसायिक वाहनांच्या संग्रहालयात. मी त्यांना पहिल्यापासून मिस्त्रीच म्हणत आलो, त्यांनाही ते आवडायचं. उभी हयात त्यांनी लेलँडच्या कारखान्यात काढलेली. १९९३ च्या फेब्रुवारीत लेलँड डॅफ बुडाली आणि हजारो लोकांबरोबर तेही घरी बसले. कारखाना पुढे सावरला, पण यांना पुन्हा बोलावणं आलं नाही. जखम होतीच. संग्रहालयात एका इंजिनाच्या हेडचे नट मी वाकून बघत होतो, तेव्हा मागून आवाज आला, "कुठल्या पान्यानं उघडशील?" मी म्हटलं, तीन-अष्टमांश व्हिटवर्थ. सात-सोळांश बीएसएफ म्हटलं असतं तरी चाललं असतं. दोन्ही जुनी ब्रिटिश मापं, पाना तोच. पुढच्या आठवड्यात आम्ही शेड बघायला गेलो. १९९६ मध्ये पाटी लागली.

त्यांची पेटी अजून आमच्याकडे आहे. ओक लाकडाची, आत हिरवी बनात. व्हिटवर्थचे रिंग पाने, फिलर गेज, पितळी हातोडी, स्क्रेपर, आणि कारखान्यातल्या पॅटर्न शॉपमधून, म्हणजे ओतकामाचे लाकडी नमुने करायच्या खात्यातून, आणलेली आकुंचनाची पट्टी. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, थंड होताना फुटाला एक सूत (इंचाचा आठवा भाग) आटतं, म्हणून पॅटर्न करणाऱ्याची पट्टी तेवढीच लांब आखलेली असते. उद्यमनगरात आम्हीही हेच करत होतो, फक्त डोक्यात हिशेब धरून. नवीन मुलांना पहिल्या दिवशी मी ही पेटी उघडून दाखवतो. बहुतेक मुलं १९ चा मेट्रिक पाना घेऊन आलेली असतात आणि व्हिटवर्थच्या नटाचे कोपरे खातात. एकदा कोपरे गेले की छिन्नीशिवाय तो नट निघत नाही, आणि छिन्नी लागली की शेजारचा स्टडही गेलाच म्हणून समजा.

पेटीतली ती पट्टी पहिल्याच वर्षी कामाला आली. लेलँड ६०० इंजिनाचा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, म्हणजे धूर बाहेर नेणारा बीडाचा भाग, तडकलेला. इथं जुना सुटा मिळायचा तोही तडकलेलाच. मिस्त्रींनी लाकडाचा पॅटर्न केला, मी तो सुटकेसमध्ये कपड्यांत गुंडाळून कोल्हापूरला नेला आणि ओळखीच्या फाउंड्रीत त्यावरून मॅनिफोल्ड ओतून आणले. आले तेव्हा मिस्त्री बोलले काहीच नाहीत. एकेक मॅनिफोल्ड दोरीला टांगला, पितळी हातोडीनं हळूच टोला दिला आणि कान लावला. चांगलं बीड घंटेसारखं वाजतं, तडकलेलं बद्द वाजतं. सगळे वाजवून झाल्यावर म्हणाले, "पुढच्या वेळी पाण्याच्या पंपाची बॉडीपण घेऊन जा." त्या दिवशी भागीदारी खरी झाली, कागद नंतर केले.

१९९८ ते २००६ बद्दल सांगण्यासारखं काही नाही. काम होतं, पैसे येत होते.

एका गिऱ्हाइकाबद्दल मात्र सांगायला हवं. हे गृहस्थ जत्रेवाले, पिढ्यान् पिढ्या पाळणे आणि झुले घेऊन गावोगाव फिरणारे. त्यांच्याकडे आजोबांच्या वेळचा ईआरएफ, आत गार्डनर ६एलडब्ल्यू डिझेल इंजिन. ८.४ लिटर, १०२ हॉर्सपॉवर. आजच्या पोरांना हा आकडा सांगितला की हसतात. हसू द्या. तीन-तीन सिलिंडरचे दोन ब्लॉक, दोन हेड, आणि इतक्या निवांत फेऱ्यांवर चालणारं की लाइनर झिजायला माणसाचं आयुष्य जावं. हंगाम संपला की नोव्हेंबरात ते गाडी आणून लावत आणि बिस्किटाच्या डब्यातून नोटा मोजून देत. पावती मागत नसत, आम्ही तरी देत असू.

गार्डनरचा डिझेल पंप बघितलाय का तुम्ही? प्रत्येक सिलिंडरला हाताने दाबायची वेगळी लिव्हर असते. इंजिन बंद असताना ती दाबली की डिझेल फवारणारं नोझल चांगलं असेल तर कुरकुरतं. न कुरकुरणारं नोझल बाहेर काढायचं, कितीही स्वच्छ दिसलं तरी. ज्या कुणाकडे गार्डनर आहे त्याने महिन्यातून एकदा तरी या सहा लिव्हर दाबून ऐकाव्यात. फुकटचं काम आहे, कुणी करत नाही.

आता त्या बुडव्या गिऱ्हाइकाच्या आठचाकीबद्दल. २००७ मध्ये दक्षिणेकडचा एक संग्राहक आला. एईसी मॅमथ मेजर मार्क ३, साउथॉलच्या कारखान्यातली, पण अवस्था अशी की चेसिस लो-लोडरवर आणि बाकी सगळं खोक्यांत. कॅबची ॲश लाकडाची चौकट कुजून भुसा झालेली. दर ठरला, हप्ते ठरले, सह्या झाल्या. चेसिस उघडून रिव्हेट बदलले, चौकट मिस्त्रींनी नव्यानं सांधली, पत्रा मी आकार द्यायच्या व्हीलवर काढला. दोन हप्ते आले. तिसरा 'येतोय'. चौथ्याचं नाव नाही.

मधल्या काळात आमच्याच हाताखाली तयार झालेला एक मुलगा बाहेर पडला होता. जायला हरकत नाही, सगळेच जातात. हा गिऱ्हाइकांची वही घेऊन गेला. शेजारच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये दुकान टाकलं, पाटीवर 'पिढीजात कारागीर'. याचे वडील विमा विकायचे. त्याने त्या संग्राहकाच्या कानात घातलं की तुमच्या लॉरीत बसचं इंजिन टाकलंय, तुम्हाला फसवलंय. अहो, ते ९.६ लिटरचं एईसी लंडनच्या आरटी बसलाही होतं आणि लॉरीलाही होतं, हे या धंद्यात शेंबड्या पोराला ठाऊक! शिवाय इंजिन त्यांच्याच खोक्यांतून आलेलं, यादीवर त्यांची सही. पण पैसे न देण्याला निमित्त हवं होतं, ते फुकटात मिळालं.

२००९ च्या वसंतात गाडी तयार झाली. मंदी ऐन भरात. ओव्हरड्राफ्ट कमी करा म्हणून बँकेची पत्रं, घर चालत होतं बायकोच्या पगारावर. आणि या महाशयांचा गोड फोन : मेच्या पहिल्या रविवारी लंडन ते ब्राइटन जुन्या व्यावसायिक गाड्यांची फेरी असते, १९६२ पासूनची, तिला आपली लॉरी जाऊ दे, परत आली की सगळं चुकतं करतो.

मी जवळजवळ हो म्हणणार होतो. मिस्त्रींनी फोन हातातून घेतला आणि ठेवून दिला.

इथला कायदा सांगतो, ध्यानात ठेवा. दुरुस्ती केलेली वस्तू मजुरी मिळेपर्यंत अडकवून ठेवायचा हक्क कारागिराला आहे. जागेचं भाडं मात्र लावता येत नाही. आणि वस्तू आपण होऊन दाराबाहेर जाऊ दिली की हक्क संपला. मग तुम्ही रांगेतले एक देणं मागणारे, बसा कोर्टाच्या पायऱ्या झिजवत. ज्यांची गॅरेजं आहेत त्यांनी हे भिंतीवर लिहून ठेवावं. ओळखीचा आहे, मोठा माणूस आहे, हे काही ऐकू नये.

फेरीच्या आदल्या आठवड्यात शनिवारी दुपारी त्यांचा ड्रायव्हर आलाच. या गाड्यांना किल्ली बिल्ली नसते, बटण दाबलं की सुरू. मी अडवायला निघालो तर मिस्त्री म्हणाले, "बसू दे त्याला." ड्रायव्हर वर चढला. इंजिन पहिल्या फटक्यात लागलं, आणि खरं सांगतो, त्या परिस्थितीतही बरं वाटलं. त्याने गिअर टाकला, क्लच सोडला. गाडी जागची हलेना. दुसरा गिअर, तिसरा गिअर. शेवटी तो खाली उतरून मागच्या चाकांकडे बघत राहिला. आदल्या रात्री मिस्त्रींनी हबच्या झाकण्या उघडून चाकांना फिरवणारे हाफ शाफ्ट ओढून घेतले होते आणि झाकण्या परत जशाच्या तशा बसवल्या होत्या. शाफ्ट त्यांच्या घरी, पलंगाखाली. विंचने ओढून न्यायचा विचार कुणाच्या मनात आलाच तर म्हणून दारासमोर आमचा फोडेन आडवा लावलेला. मिस्त्रींनी ड्रायव्हरला चहा पाजला आणि बसथांब्यावर सोडून आले.

हक्क राखला, पण जागा गेली. एवढी लांब गाडी घेईल असा आमच्याकडे एकच बे, म्हणजे शेडमधली कामाची जागा. दीड वर्ष ती तिथं ठाण मांडून बसली आणि आम्ही बाहेर, ताडपत्रीखाली, लँकेशरच्या पावसात गिअरबॉक्स उघडत होतो. मोठं काम घेता येईना. पंप, नोझल, कालव्यातल्या बोटींमधले छोटे गार्डनर, जे मिळेल ते केलं. गाशा गुंडाळायची भाषा घरात दोनदा झाली. तेव्हा जत्रेवाले ऐन जूनमध्ये, त्यांच्या कमाईच्या दिवसांत, बिस्किटाचा डबा घेऊन आले. नोव्हेंबरच्या कामाचे पैसे आजच घे म्हणाले. आणखी तीन जत्रेवाल्यांना त्यांनी आमच्याकडे पाठवलं. त्यांच्या गाड्यांना शेड लागत नव्हतं, माळावरच काम चालायचं.

शेवटी संग्राहकाने ती लॉरी दुसऱ्याला विकली. नव्या मालकाने पैसे थेट आमच्या खात्यात भरले, व्याज सोडून. आम्ही शाफ्ट बसवून दिले. पुढच्या ब्राइटन फेरीत गाडीला बक्षीस मिळालं आणि एका मासिकात रंगीत फोटो छापून आला. खाली नाव कुणाचं? त्या 'पिढीजात' कारागिराचं, कारण दारावरची अक्षरं त्याने केली होती. तीसुद्धा ब्रशनं नाही, स्टिकर! चौकटीतले सांधे कुणाला दिसतात? परीक्षक रंग बघतात, क्रोम बघतात. मूळ गाडीवर क्रोम नव्हतंच म्हटलं तर ऐकून घेतात आणि पुढच्या गाडीकडे जातात. मासिकाला पत्र लिहिलं होतं. छापलं नाही.

मिस्त्री २०१६ मध्ये गेले. पेटी त्यांच्या मुलीने स्वतः आणून दिली. आता हाताखाली दोन मुलं आहेत, एक इथला, एक इचलकरंजीचा. पॅटर्न अजून कोल्हापूरलाच जातात. त्या शेजारच्या दुकानातून गार्डनरचे पंप आमच्याकडे येतात, तिसऱ्याच माणसाच्या नावाने. लेबलवरचं अक्षर मी ओळखतो, माझ्याच वहीत त्याने कित्येक वर्षं लिहिलेलं. पंप नीट करून देतो. दर मात्र दीडपट लावतो.

सध्या बेमध्ये फोडेन आहे, त्यानंतर एक ॲटकिन्सन, म्हणजे पुढची जागा उन्हाळ्यानंतरच. फोटो पाठवून दर विचारू नये, चेसिस बघितल्याशिवाय आम्ही आकडा सांगत नाही. कॉमर टीएस३ इंजिनवाल्यांनी येण्याआधी फोन करावा : तीन सिलिंडरमध्ये समोरासमोरचे सहा पिस्टन, त्याचे सुटे भाग आहेत का ते आधी बघावं लागतं. निम्मी रक्कम आगाऊ, बँकेत. रोख फक्त बिस्किटाच्या डब्यातून आली तरच घेतो.