आत नेण्याआधीची पाच मिनिटं

डोक्याला मार लागलेला पेशंट व्हेंटिलेटरवर गेला की बाहेर एकच धोशा सुरू होतो, "सिस्टर, एकदा तोंड बघू द्या." बघू द्यावंच. पण सरळ आत नेऊ नये.

आधी बोलायला एक माणूस ठरवून घ्यावा. नाव, नातं, दोन फोन नंबर केसपेपरला. अक्कलकोट, तुळजापूरकडून जीप भरून मंडळी येतात आणि प्रत्येकाला वेगळं सांगत बसलं की संध्याकाळपर्यंत व्हरांड्यात एकाच पेशंटच्या चार बातम्या फिरतात. सोलापुरात घरची भाषाही विचारावी लागते. मराठीला मान डोलावणाऱ्या आजींना कधी कन्नड, कधी तेलुगूच कळत असतं. स्टाफमध्ये बोलणारं कुणीतरी सापडतं. पेशंटच्या शाळकरी पोराला मध्ये घालू नये. बापाची अवस्था त्याच्या तोंडून वदवणं क्रूर आहे, शिवाय घाबरून ते निम्मं गाळतं.

मग खाली बसवून, आत काय दिसणार ते कारणासकट सांगावं. चेहरा सुजलेला, डोळे काळेनिळे. तोंडातली नळी स्वरयंत्रातून गेलीय, म्हणून आवाज फुटणार नाही. हात मऊ पट्टीने बांधलेत, कारण अर्धवट शुद्धीत हात आधी नळीकडेच जातो. मशीन साध्या खोकल्यानेही वाजतं. मेंदूची सूज पुढच्या दोन-तीन दिवसांत वाढू शकते, हे आजच कानावर घालावं, नाहीतर "काल बरा होता, तुम्ही काय केलंत?" ठरलेलं.

शुद्धीचा स्कोअर लोक परीक्षेच्या मार्कांसारखा विचारतात. तो 15 पैकी खरा, पण सुरू होतो 3 पासून. 8 किंवा खाली म्हणजे खोल बेशुद्धी. झोपेचं औषध चालू असताना त्यावरून अंदाज बांधूच नये. डोळे उघडले का, सांगितल्यावर बोट हलवलं का, एवढं सांगावं.

"वाचेल ना?" याचं उत्तर डॉक्टरांचं. मात्र "डॉक्टरांना विचारा" म्हणून वळू नये. "राउंडनंतर मी बोलावते" म्हणावं, आणि खरंच बोलवावं.

आत गेल्यावर सलाईन नसलेला हात धरून नावाने हाक मारायला सांगावं. सिद्धेश्वराचा अंगारा आणलेला असतोच. जखमेला लावू नये, पुडी पलंगाच्या डोक्याशी ठेवली तर कुणाचं काही बिघडत नाही. तीर्थ मात्र थेंबभरही तोंडात नाही, ते फुप्फुसात उतरू शकतं.