कॉलेजच्या अंतर्गत तक्रार समितीकडे (लैंगिक छळाच्या तक्रारी बघते ती) अर्ज दिला, त्याचा अनुभव

एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होते, रोज तासगावहून एसटीनं सांगली. प्रोजेक्ट गाईडचे रात्री उशिरा मेसेज, आधी रीडिंगबद्दल, मग फोटो पाठव, मग इंटर्नलचे मार्क माझ्याच हातात आहेत वगैरे. पुढचं लिहीत बसत नाही. नावंही नाही, कायद्यानं चालतच नाही ते.

आधी एचओडींकडे, म्हणजे विभागप्रमुखांकडे गेले तर म्हणाले, अगं बाळ, लेखी कशाला, मी बोलतो सरांशी, घरी कळलं तर तुझंच शिक्षण थांबेल. हे मात्र बरोबर लागलं मला, पप्पांचं काय सांगता येत नाही. मग ओळखीतली एक लॉ करणारी ताई म्हणाली की यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१५ च्या नियमांप्रमाणे एचओडी, डीन असली मंडळी समितीत बसूच शकत नाहीत, तू थेट अंतर्गत तक्रार समितीकडे दे, आणि लवकर दे, तीन महिन्यांची मुदत असते.

तारीखवार सगळं लिहिलं, स्क्रीनशॉट जोडले, साक्षीदारांची नावं, आणि या सगळ्याच्या सहा प्रती. झेरॉक्सवाल्या काकांनी एक अक्षर न बोलता कागद पालथे करून पिशवीत घातले. ऑफिसात क्लार्क म्हणाला ठेवून जा, पण ताईनं बजावलं होतं, पोचेचा शिक्का घेतल्याशिवाय हलायचं नाही, मग उभीच राहिले तिथं.

सगळ्यात कामाला आलं ते अर्जातलं एक वाक्य, चौकशी संपेपर्यंत गाईड बदला आणि माझे मार्क त्यांनी देऊ नयेत. ते आधी मिळालं, बाकी सगळं नंतर.

सुनावणीत सर माझ्यासमोर नव्हते. एका मेंबरनं विचारलंच, मग तू स्मायली का टाकलीस? स्वयंसेवी संस्थेतून आलेल्या बाहेरच्या मेंबर बाई तिथंच म्हणाल्या, मार्क त्यांच्या हातात, पोरीनं काय उत्तर द्यायचं? सरांना वकील आणायचा होता, तो चालत नाही. समेटाचाही निरोप आला, पण तो तक्रारदारानं मागितला तरच होतो, आणि पैशावर तर नाहीच. मी नाही म्हणाले.

चौकशीला ९० दिवसांची मुदत असते, जवळजवळ सगळी लागली. आरोप सिद्ध झाले, सरांची गाईडशिप गेली, इन्क्रिमेंट थांबली. मला कमी वाटलं. अपील ३० दिवसांत करता येतं, ताई मागं लागली होती, पण परीक्षा तोंडावर आलेली, नाही केलं.