हावड्याची बाग आणि आपला मे महिना

हावड्याजवळ शिबपूरला १७८७ साली सुरू झालेली वनस्पती बाग पाहायला नागपूरहून जायचे तर डिसेंबर-जानेवारी बरा. बाग फार मोठी आहे. आधी महावटवृक्ष पाहून घ्या. बुरशी लागल्याने त्याचे मूळ खोड १९२५ साली काढले, आज झाड उभे आहे ते पारंब्यांवर. एखादे झाड आवडले तर पाटीचा, पानाच्या दोन्ही बाजूंचा आणि खोडाचा असे वेगवेगळे फोटो काढा. नुसत्या फुलाच्या फोटोवरून नर्सरीवाला भलतेच रोप देतो.

रोपे आणायची तर नर्सरीतूनच, आणि पावसाळ्याच्या तोंडावर. फिलोडेंड्रॉन, हेलिकोनिया या शोभेच्या झाडांना दमट हवा लागते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, कोरड्या झळांत पानातले पाणी मुळे पुरवतील त्याहून जास्त वेगाने उडते आणि पानांच्या कडा करपतात. ५० टक्के ऊन अडवणारी हिरवी जाळी लावा, पश्चिमेची बाजू तर झाकाच.

कुंडीत वावरातली काळी माती भरू नका. ओली झाली की फुगते, मुळांना हवा मिळत नाही, आणि वाळली की भेगा पडून मुळे तुटतात. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) दोन भाग, शेणखत एक, जाड रेती एक, एवढे पुरे.

बोअरच्या जड पाण्याने पानांची टोके जळतात. कूलरच्या टाकीतले उरलेले पाणी तर मुळीच घालू नका, त्यात क्षार आणखी दाटलेले असतात.