चाकावरचे शब्द आणि शेपर्डचं तोंड

मी पोटापाण्यासाठी सबटायटल लिहिते. पडद्यावर दोन ओळी, त्या टिकणार दोन-तीन सेकंद, आणि तेवढ्यात माणसाचं अख्खं बोलणं बसवायचं, ह्यात माझा दिवस जातो. म्हणूनच असेल, पण ‘मास इफेक्ट’ ह्या व्हिडिओ गेमशी माझं भांडण इतरांपेक्षा वेगळ्या कारणावरून आहे. बाकीचे त्यातल्या सहा चाकांच्या माको गाडीला शिव्या घालतात. मी संवादाच्या चाकाला घालते.

ज्यांनी खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: गेम २००७ चा, गोष्ट २१८३ सालातली. तुम्ही कमांडर शेपर्ड. आकाशगंगेतल्या अनेक जातींची मिळून एक कौन्सिल आहे, तिचा सेरन नावाचा एक एजंट फितूर झालाय आणि त्याच्या मागावर तुम्हाला जायचंय. कुणाशी बोलायची वेळ आली की खाली एक चाक उगवतं. त्यावर तीन-चार शब्दांचे तुकडे असतात. वरचे समजूतदार, खालचे फटकळ, डावीकडे जास्तीची चौकशी. तुम्ही तुकडा निवडायचा आणि शेपर्ड पूर्ण वाक्य बोलते. (माझी शेपर्ड बाई आहे. जेनिफर हेलचा आवाज एकदा ऐकल्यावर दुसरा विचारही शिवला नाही.)

कल्पना झकास आहे. आधी वाचलेलं वाक्य पुन्हा ऐकत बसावं लागत नाही, गप्पा वाहत्या राहतात. पण तो तुकडा नि ते वाक्य ह्यांचं नातं कधी सख्खं, कधी सावत्र. सिटाडेल ह्या कौन्सिलच्या अवकाशस्थानकावर एक पत्रकार बाई मुलाखत घेते, खोचक प्रश्न विचारते. मी वैतागून खालचा पर्याय घेतला. वाटलं, शेपर्ड मुलाखत आवरती घेईल. तिने बाईंच्या तोंडावर ठोसा मारला. मी कंट्रोलर मांडीवर ठेवून दोन मिनिटं नुसती बसले.

उलटही होतं, आणि ते जास्त चिडवतं. व्यवसायाची खोड म्हणून मी काही ठिकाणी सेव्ह पुन्हा लोड करून तिन्ही पर्याय ऐकले. तीन वेगळे तुकडे, आणि शेपर्ड बोलली अक्षरशः तेच एक वाक्य! मग मला कशाला विचारलंत?

गंमत म्हणजे ह्या दुखण्यावरचं औषध गेममध्येच हिंडतंय. एल्कोर नावाची एक अवाढव्य, चार पायांवर चालणारी, संथ जात आहे. आपसांत त्यांच्या भावना गंधातून आणि अंगाच्या बारीकशा हालचालींतून कळतात. परक्यांना त्यातलं काहीच कळत नाही, आवाज तर कायम सपाट. म्हणून ते वाक्याआधी भावना सांगून टाकतात: “मनापासून खेद वाटून: तुमचं काम होणार नाही.” पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी हसले. चौथ्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं, हीच सोय त्या चाकावर असती तर! “हात उगारून: पुरे झालं.”

पण ह्या असल्या गोष्टींसाठीच मी हा गेम सोडत नाही. इथे परग्रहवासी म्हणजे कपाळावर दोन उंचवटे चिकटवलेली माणसं नाहीत. सलेरियन जेमतेम चाळीस वर्षं जगतात, म्हणून ते भराभर बोलतात, भराभर ठरवतात. असारी हजार वर्षं जगतात, त्यांना कसलीच घाई नसते. दोघांना एका टेबलाशी बसवलं की राजकारण आपोआप सुरू होतं. आणि कोडेक्स! मेनूतला तो ज्ञानकोश मी रात्री झोपताना वाचायचे. आपलं जहाज नॉर्मंडी शत्रूला दिसत नाही, हे वाचून आधी मी नाक मुरडलं होतं. अवकाशाच्या थंडीत तापलेलं जहाज कसं लपणार? कोडेक्समध्ये उत्तर तयार: जहाज आपली उष्णता बाहेर टाकण्याऐवजी पोटात साठवतं, काही तास लपून राहतं, आणि नंतर ती सोडली नाही तर आतली माणसं भाजून निघतील. ज्याने हे लिहिलं त्याला मी मनोमन हात जोडले.

आता रेक्स, माझा साथीदार. तो क्रोगन जातीचा आहे. सलेरियनांनी बनवलेल्या आणि टुरियन नावाच्या जातीने पसरवलेल्या जेनोफेज ह्या रोगामुळे क्रोगनांच्या हजार गर्भांत एखादाच जगतो. व्हर्मायर ग्रहावर कळतं की सेरनच्या तळात त्यावरचा इलाज आहे, आणि तो तळ आपण बॉम्बने उडवणार आहोत. रेक्स पाण्याच्या काठावर उभा राहून बंदूक रोखतो. त्याची बाजू खोटी नाही, हीच तर पंचाईत.

चाकावर समजावण्याचा आणि धमकावण्याचा असे दोन्ही पर्याय होते, आणि दोन्ही करडे. दाबताच येत नव्हते. कारण लेव्हल वाढताना मिळालेले सगळे गुण मी पिस्तुलावर उधळले होते आणि बोलण्याच्या कौशल्यात कवडी घातली नव्हती. मी, जी बोलण्यावर पोट भरते! उरलेलं काहीबाही बोलले. मागून माझीच साथीदार ॲशली हिने गोळ्या झाडल्या आणि रेक्स पडला.

मी दादाला फोन केला. त्याने गेम माझ्या आधी संपवला होता.

“अगं, पण त्याच्या घराण्याचं चिलखत शोधून दिलंस ना?”

“कुठलं चिलखत?”

तिकडे शांतता. मग म्हणाला, “तू त्याच्याशी जहाजावर गप्पाच मारल्या नाहीस की काय?”

मारल्या होत्या, दोनदा. तिसऱ्यांदा गेलेच नाही. ते चिलखत आणून दिलं असतं तर कौशल्य नसतानाही तो ऐकला असता. त्याच मिशनमध्ये पुढे केडन किंवा ॲशली, ह्या दोन साथीदारांपैकी एकालाच वाचवता येतं. मी ॲशलीला मागे ठेवलं. तिने माझाच जीव वाचवला होता हे कळत होतं, तरीही ठेवलं. त्या रात्री झोप लागली नाही, आणि ह्याचं श्रेय मी गेमला देते.

बाकीची कुरकुर झटपट उरकते. सामानाची यादी म्हणजे माळ्यावरची अडगळ: १५० वस्तूंची मर्यादा, धड क्रम लावायची सोय नाही, आणि मर्यादा ओलांडली की नवं सापडलेलं वितळवून टाका. माको उभ्या कड्यावर पालीसारखी चढते आणि सपाटीवरच्या खड्ड्यात कोलांटी खाते. निर्जन ग्रहांवर प्रत्येक तळ त्याच दोन-तीन नकाशांचा. चौथ्या ग्रहावर मला खोक्यांच्या जागा पाठ होत्या. लिफ्टची मात्र मी बाजू घेईन. मूळ आवृत्तीत ती रेंगाळते, पण तेवढ्यात सोबतचे दोघं एकमेकांना टोमणे मारतात, आणि रेडिओवर आपल्याच उपद्व्यापांची बातमी लागते. २०२१ च्या सुधारित आवृत्तीत लिफ्टचा प्रवास वगळायचं बटण आलं. मी ते एकदाच दाबलं.

त्याच आवृत्तीत मी दुसऱ्यांदा खेळले. ह्या वेळी गुण आधी बोलण्यात घातले, चिलखतही आणलं. रेक्स जगला. आणि पहिल्या खेपेला राहून गेलेल्या चंद्रावर गेले, आपल्याच चंद्रावर. राखाडी जमीन, डोक्यावर पृथ्वी. तिथल्या लष्करी तळातली संगणक-प्रणाली बिथरलेली असते, ती बंद पाडायची. ड्रोन पाडले, एकेक यंत्र फोडलं, नेहमीसारखंच. शेवटचं फुटलं तेव्हा पडद्यावर शून्य-एकाची एक ओळ चमकून गेली. आठ-आठ आकड्यांचे चार गट. मला चैन पडेना. सेव्ह पुन्हा लोड केला, शेवटचं यंत्र पुन्हा फोडलं, आकडे कागदावर उतरवले आणि अक्षरं लावली.

हेल्प.

ती मदत मागत होती, आणि मी तिला दोनदा मारलं होतं. मी पडद्याकडे बघत राहिले. ह्या वेळी चाक काही आलं नाही.