दापोली, शिरगाव आणि रत्नागिरी : खाजणाच्या अभ्यासासाठी केलेला ग्रंथालयांचा प्रवास

वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्यांना क्षेत्रीय प्रकल्पासाठी खाजण जमिनी (खाडीकाठच्या सखल, खाऱ्या जमिनी) आणि कांदळवन (खारफुटीचे जंगल) हा विषय द्यावा, असे कुडाळ परिसरातील आमच्या महाविद्यालयात ठरले, तेव्हा त्यांना वाचायला काय द्यायचे हा प्रश्न सर्वांत आधी उभा राहिला. पाठ्यपुस्तकांत कांदळवनाचे सर्वसाधारण वर्णन मिळते. परंतु बांध फुटून खारे पाणी शिरल्यावर भातखाचराच्या मातीचे पुढे काय होते, हे कोकणातल्याच जमिनीवर मोजून लिहिलेले हवे असेल, तर कोकणात झालेले संशोधन शोधावे लागते. म्हणून दिवाळीनंतर दापोलीचे डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ, त्याच विद्यापीठाचे शिरगाव येथील मत्स्य महाविद्यालय आणि रत्नागिरी जिल्हा नगर वाचनालय असा प्रवास केला. याच वाटेने जाऊ इच्छिणाऱ्या प्राध्यापकांना उपयोग व्हावा, यासाठी हा वृत्तांत लिहीत आहे.

प्रवासाचा खरा आरंभ आपल्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयातून करावा, असे माझे ठाम मत झाले आहे. अनुदानित महाविद्यालयांतील प्राध्यापकांना इन्फ्लिबनेट या विद्यापीठ-महाविद्यालयांच्या ग्रंथालयांना जोडणाऱ्या केंद्राच्या एन-लिस्ट योजनेतून हजारो ई-नियतकालिके घरबसल्या वाचता येतात, मात्र त्यासाठी ग्रंथपालांकडून स्वतःचे खाते उघडून घ्यावे लागते. ‘एक राष्ट्र, एक सदस्यता’ या योजनेला केंद्रीय मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मान्यता दिली आणि तीस प्रकाशकांची सुमारे तेरा हजार नियतकालिके सरकारी उच्च शिक्षण संस्थांना व केंद्राच्या संशोधन संस्थांना खुली होऊ लागली. आपली संस्था तिच्या कक्षेत येते की नाही, हे ग्रंथपालांना विचारून घ्यावे. जो लेख कुडाळला बसून मिळतो, त्याच्यासाठी दापोलीतला मोलाचा वेळ घालवू नये.

प्रबंधांच्या बाबतीत एक गोष्ट विशेष आग्रहाने सांगावीशी वाटते. आपल्यापैकी बहुतेकजण ‘शोधगंगा’ या प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारावर शोध घेतात आणि तिथे काही सापडले नाही, की या विषयावर काम झालेले नाही असे समजतात. शोधगंगेत मुख्यतः पीएच.डी.चे प्रबंध असतात. कृषी विद्यापीठांचे प्रबंध पाहायचे, तर ‘कृषिकोश’ हे भांडार उघडावे लागते आणि त्यात एम.एस्सी.चे प्रबंधही असतात. एखाद्या खाडीकाठच्या मातीची क्षारता, एखाद्या भातवाणाची खारे पाणी सोसण्याची क्षमता अशी छोट्या क्षेत्रापुरती, पण काळजीपूर्वक केलेली मोजमापे बहुधा या एम.एस्सी.च्या प्रबंधांतच असतात, म्हणून त्यांना दुय्यम मानणे मला पटत नाही. कृषिकोशात काही प्रबंधांची केवळ नोंद किंवा सारांश दिसतो आणि पूर्ण मजकूर खुला नसतो. अशा प्रबंधांचीच यादी करून निघावे. प्रत्येक नोंदीपुढे लेखक, वर्ष, विभाग आणि मार्गदर्शकाचे नाव लिहिलेले असले, की प्रत शोधणे पुष्कळ सोपे होते.

जाण्यापूर्वी प्राचार्यांच्या सहीचे पत्र विद्यापीठ ग्रंथपालांना पाठवावे आणि त्यात विषय, येण्याची तारीख व प्रबंधांची यादी असावी. ‘ग्रंथालय पाहण्याची परवानगी मिळावी’ एवढेच लिहिलेल्या पत्रातून समोरच्याला काहीच तयारी करता येत नाही. सोबत ओळखपत्र व पत्राची दुसरी प्रत ठेवावी.

दापोलीत मला सर्वाधिक लाभ झाला तो संदर्भ विभागातील संभाषणाचा. मी ‘कांदळवन’ या शब्दाभोवती शोध घेत होते. तेथील ग्रंथपालांनी विषय नीट विचारून घेतला आणि ‘खारभूमी’, ‘क्षारयुक्त मृदा’, ‘किनारी भातशेती’ अशा निरनिराळ्या शब्दांनी पाहायला सुचवले, कारण मृदाशास्त्र आणि कृषिविद्या या विभागांचे प्रबंध त्या शब्दांखाली सापडतात. संगणकातील तालिका आपल्याला आपण विचारलेलेच दाखवते. आपण काय विचारायला हवे होते, हे अनुभवी ग्रंथपालच सांगू शकतात, आणि प्राध्यापकांनी ही सेवा संकोच न करता मागायला हवी.

प्रबंध बाहेर नेता येत नाहीत, हे गृहीत धरूनच वेळेचे नियोजन करावे. संपूर्ण प्रबंधाची छायाप्रत मागू नये; संशोधनासाठी आवश्यक तेवढा भाग घेण्यास स्वामित्वहक्क कायद्यात वाव आहे, परंतु पाने किती आणि भ्रमणध्वनीने छायाचित्र घेता येईल का, याचा निर्णय त्या ग्रंथालयाच्या नियमांनुसारच होतो. ज्या पानांच्या प्रती घ्याल, त्यांच्यासोबत मुखपृष्ठ, दाखल क्रमांक आणि पृष्ठक्रमांक त्याच वेळी टिपून ठेवावेत, कारण पुढे संदर्भसूची करताना एवढ्याशा माहितीसाठी पुन्हा दापोली गाठणे कोणालाच परवडणारे नाही.

खाडीतील मासे, कोळंबी, शिंपले असा विषय असेल, तर दापोलीच्या आधी शिरगावचा विचार करावा. मत्स्य महाविद्यालय १९८१ पासून रत्नागिरीजवळ असल्यामुळे मत्स्यविज्ञानाचा संग्रह तिकडे पाहणे अधिक सोयीचे ठरते.

रत्नागिरी जिल्हा नगर वाचनालय हे विद्यापीठाचे नाही. परंतु १८२८ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेला वगळून रत्नागिरीत अभ्यास करणे मला योग्य वाटले नाही. जिल्ह्याविषयीची जुनी मराठी पुस्तके, स्मरणिका असे साहित्य विद्यापीठीय ग्रंथालयांपेक्षा सार्वजनिक वाचनालयांतच अधिक जपले जाते. १८८० च्या रत्नागिरी जिल्हा गॅझेटियरचा मजकूर आता संगणकावर मिळतो, त्यामुळे तो घरीच वाचून यावा आणि वाचनालयातील वेळ इतरत्र न मिळणाऱ्या मराठी साहित्याला द्यावा.

कुडाळ, सिंधुदुर्ग किंवा राजापूरकडून येणाऱ्यांनी दापोलीसाठी कोकण रेल्वेने खेडला उतरावे. तेथून दापोली सुमारे तीस किलोमीटर असून एस.टी.ने जाता येते. रत्नागिरी स्थानक शहरापासून काहीसे दूर आहे, हे लक्षात ठेवून निघण्याची वेळ ठरवावी. पावसाळ्यात गाड्यांचे वेळापत्रक बदललेले असते, शिवाय दापोलीचा पाऊस तीन हजार मिलिमीटरहून अधिक असल्याने वीज आणि वाहतूक या दोन्हींचा भरवसा कमी असतो. एप्रिल-मे महिन्यांत पर्यटकांमुळे निवासाची अडचण होते. त्यामुळे नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ मला सर्वांत योग्य वाटतो, फक्त सुट्ट्या आणि परीक्षांचे दिवस आधी विचारून घ्यावेत.

परतल्यावर आमच्या ग्रंथपाल मॅडमनी या विषयाची वाचनसूची तयार करून दिली. सूचीतील पुस्तके सत्र संपेपर्यंत वाचनकक्षात राखून ठेवली आहेत आणि कृषिकोशावर शोध कसा घ्यावा, याचे एक प्रात्यक्षिक त्यांनी विद्यार्थ्यांसाठी घेतले. अभ्यासक्रम सुरू होण्यापूर्वीच ग्रंथपालांना विश्वासात घेतले, तर एवढे साहाय्य लहान महाविद्यालयातही मिळू शकते. खारभूमीवर काम करणाऱ्यांनी याच कृषी विद्यापीठाच्या पनवेल येथील खारभूमी संशोधन केंद्राचे अहवालही पाहावेत. खारे पाणी सोसणारे ‘पनवेल’ मालिकेतील भातवाण तिथलेच आहेत, आणि आमच्या विभागाने त्या अहवालांसाठी पत्र पाठवले आहे.